सरांची सहाशे घरं

बेल वाजली की सर दार उघडत नसत. दाराला बाहेरचं दिसणारं भिंग होतं, त्याला ते डोळा लावत आणि हातातलं स्टॉपवॉच सुरू करत. बाहेर पार्सलवाला उभा. वैशाखातलं शेगावचं ऊन, पायरीवर सावली म्हणून नाही. तो पुन्हा बेल वाजवी, मग फोन लावी. सरांचा फोन आतल्या खोलीत उशीखाली दाबून ठेवलेला असे. चार मिनिटं, सव्वापाच मिनिटं, एकदा तर साडेनऊ. शेवटी तो पायरी उतरून गेला की सर वहीत आकडा लिहीत आणि माझ्याकडे वळून समाधानाने म्हणत, "सहनशक्ती! ही कुठल्या पुस्तकात मिळत नाही."

तो गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येई, कारण त्याला यावंच लागे. पार्सलात काय? सेफ्टी पिना. घरपोच येणारी सगळ्यात स्वस्त वस्तू तीच, असा सरांनी शोध लावला होता. किती वेळात येतं, कोणत्या रस्त्याने येतं, हे मोजायला ते आठवड्याला चार-पाच पाकिटं मागवत आणि कधीही उघडत नसत. सरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या माळ्यावर गावातल्या सगळ्या बायकांना जन्मभर पुरतील एवढ्या पिना साचल्या होत्या. काकू मागच्या दाराने जाऊन त्या पार्सलवाल्याला गुपचूप पाणी देत. हे सरांना कळलं तेव्हा ते त्यांच्यावर चिडले होते. पाण्याने आकडा बिघडतो म्हणे.

शेगावबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी दोन वर्षं सरांची संशोधन सहायक होते. अकरा-अकरा महिन्यांची ऑर्डर, टेबल त्यांच्याच खोलीत. पार्सल गोदामातून निघून माणसाच्या हातात पडेपर्यंतचा जो शेवटचा टप्पा असतो, तो सरांचा विषय. आणि माणूस कशी निवड करतो तो दुसरा विषय. घरी आणून हवं, की दुकानातून नेईन, की कुलपाच्या कपाटातून काढून घेईन? उद्या हवं, की दोन दिवसांनी पण थोडं स्वस्त? याची उत्तरं शोधायला त्यांनी संगणकात एक अख्खं गाव वसवलं होतं. सहाशे घरं. प्रत्येक घराला उत्पन्न दिलेलं, बसस्टँडपासूनचं अंतर दिलेलं, आणि 'घाई' व 'लोभ' असे दोन आकडे दिलेले. सर सकाळी येऊन बटण दाबत की पडद्यावर सहाशे ठिपके लुकलुकायला लागत, हिरवे, पिवळे, लाल. सर खुर्चीत रेलून त्यांच्याकडे असे बघत, जसा एखादा माणूस अंगणात खेळणाऱ्या नातवंडांकडे बघतो.

"बघ," ते म्हणत, "ही माणसं कधी खोटं बोलत नाहीत."

बोलतच नसत, हे मी मनात म्हणे.

सर मूळचे आमच्याच जिल्ह्यातले, चिखलीकडचे. पण मधे पुण्यात शिकले, मग तीन वर्षं कुठल्याशा बर्फाच्या देशात राहून आले. तेव्हापासून त्यांच्या जिभेवर इथलं काही टिकत नसे. मी डोणगावची. माझ्या तोंडून 'मले' निघालं की ते डोळे मिटून घेत, दुखल्यासारखे. "मला," ते म्हणत, "म-ला." पण संगणक अडकला, ठिपके थांबले की हेच सर पडद्यावर हात आपटून ओरडत, "काऊन बे, काऊन नाई चालून राह्यलं हे?" आणि मग खोलीत दुसरं कोणी आहे का ते बघत. मी असेच. मी वहीत डोकं खुपसून बसे.

हो किंवा नाही असं त्यांनी आयुष्यात कशालाही म्हटलं नाही. शिपाई विचारी, "सर, चहा आणू?" सर म्हणत, "सत्तर टक्के." शिपाई वयस्कर, सरळ माणूस. त्याने एकदा खरोखर पाऊण कपाच्या आत भरलेला चहा आणून ठेवला. सरांना त्यातला टोमणा कळला नाही. त्यांना तो माणूस हुशार वाटला.

आमच्या हेडक्लार्कचे वडील वारले तेव्हा सर भेटायला गेले होते, मी सोबत होते. दोन मिनिटं सर गप्प बसले. मग त्यांनी मुंडण केलेल्या त्या माणसाला विचारलं, तेराव्याचं सामान तुम्ही बाजारातून आणता की मागवता? तो म्हणाला, बाजारातून. सर म्हणाले, "आणि घरपोच मिळालं असतं, पण एक दिवस उशिरा, तर?" त्या बिचाऱ्याने त्याचंही उत्तर दिलं. तिसऱ्या प्रश्नाला त्याच्या लक्षात आलं की आपण काय करतोय. तो उठून आत गेला. सर मला म्हणाले, "दुःखात माणूस जास्त प्रामाणिक असतो."

हे सगळं हसण्यावारी नेता येण्यासारखं होतं, आणि मी नेतही होते. पगार वेळेवर होता, सर हातचे राखून काही शिकवत नव्हते, अंगावर ओरडत नव्हते. वेडा माणूस, आपल्याला काय त्याचं. पण मग एका पार्सल कंपनीने सरांना खरंखुरं गाव दिलं.

सोनाळ्याकडच्या पट्ट्यातलं ते गाव. तिथे पार्सलं पोचवायला एक चाळिशीचा माणूस मोटरसायकलवर जाई. मागे दोन्ही बाजूंना पिशव्या, पुढे टाकीवर एक खोकं. सगळं गाव त्याला भाऊ म्हणे. कंपनीला त्या गावातला खर्च कमी करून हवा होता. सरांनी ठरवलं, आधी एक दिवस भाऊसोबत फिरायचं. सर भगवं चकाकतं जॅकेट आणि हेल्मेट घालून भाऊच्या मागे बसले. मी मागून स्कूटीवर.

भाऊ कोणाच्या दारात काय करतो ते मी त्या दिवशी पाहिलं. एका बाईचं पार्सल त्याने तिच्या घरी दिलंच नाही, वाट वाकडी करून ती काम करत होती त्या तुरीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर नेऊन दिलं. एका म्हाताऱ्या मास्तरांना चष्म्याची दांडी बसते का ते घालून बघायला लावलं, बसेना म्हणून तिथल्या तिथे परतीचं नोंदवलं. एका घरासमोर त्याने गाडी उभी केली आणि मोठ्याने ओरडला, "वहिनी, बियाणं आलं!" ओसरीतली म्हातारी म्हणाली, "ठिव तिथसा." आतून एक पन्नाशीची बाई पदराला हात पुसत आली आणि ते पाकीट घेऊन गेली. पाकीट एवढंसं, हलकं, मऊ.

सर म्हणाले, "त्यावर बियाणं लिहिलेलं नव्हतं."

"लिवलं नोतं म्हणूनच म्या सांगतलं, सर," भाऊ म्हणाला.

सरांनी वहीत लिहिलं: अनावश्यक संभाषण. संध्याकाळी त्यांनी हिशेब केला. एका दारात भाऊचा सरासरी वेळ सहा मिनिटं चाळीस सेकंद. "यात काम फक्त चाळीस सेकंदांचं आहे," सर म्हणाले. "उरलेली सहा मिनिटं म्हणजे गप्पा." मला म्हणावंसं वाटलं की सर, काम त्या सहा मिनिटांतच होतं. म्हटलं नाही.

मग गावकऱ्यांची निवड विचारायची होती. अर्ज मी छापले, मीच भरून घेतले. इथे माझा वाटा सांगितला पाहिजे, नाहीतर सगळं सरांच्या डोक्यावर टाकून मोकळी झाल्यासारखं होईल. घरोघर फिरायचे दोन दिवस होते. पहिल्याच दिवशी मला कळलं की पारावर एका जागी पन्नास माणसं बसलेली सापडतात. मी पारावर बसले. प्रश्न होता: थोडे पैसे कमी लागणार असतील तर तुमचं पार्सल बसस्टँडवरच्या कुलपाच्या कपाटातून स्वतः आणाल का?

"हाव," पहिला म्हणाला.

"हाव, आणू ना," दुसरा म्हणाला. "तसे बी आम्ही दिवसभर स्टँडवरच असतो."

सगळे हसले. सगळ्यांनी हाव म्हटलं. दुपारपर्यंत माझं काम संपलं. परत येताना मला सुचलं की यातल्या एकाही माणसाने आयुष्यात काही मागवलं असेल असं दिसत नाही. मागवतात घरातल्या बायका, मुली. मी सरांना तसं म्हटलं.

सर हसले. समजूतदार हसू. "अगं, घर हे एकक आहे. घरातल्या कोणीही भरलं तरी उत्तर घराचंच असतं."

मी एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

महिन्याभरात बसस्टँडवर पिवळं लोखंडी कपाट उभं राहिलं. चोवीस खण, वर सोलर पॅनेल, मोबाइलवर आलेला आकडा दाबला की खण उघडतो. सरपंचांनी नारळ फोडला. घरपोच बंद. फक्त दुकानांना भाऊ जागेवर आणून देणार, कारण दुकानदार एका ठिकाणी सापडतो आणि लगेच सही करतो, असं सरांच्या ठिपक्यांनी सांगितलं होतं. भाऊला बाकीच्या वेळात मोठ्या रस्त्यावरची दुसरी गावं दिली. दोन महिन्यांनी सरांनी कंपनीला अहवाल दिला. त्यात एक ओळ ठळक अक्षरात होती: एकही तक्रार नाही.

ते खरं होतं. तक्रार करायला जी जागा होती, तिथेही घरातल्या पुरुषाच्या त्याच मोबाइलवरून जावं लागे.

नंतरच्या पाहणीला मी एकटीच गेले होते. वाटेत माझी ओढणी स्कूटीच्या चाकात जाऊन फाटली. लोकांनी सांगितलं, शिवणवाल्या मावशीकडे जा. मी गेले आणि ओळखलं. 'बियाणं' घेऊन आत गेलेली तीच बाई. मशीनवर कापड झाकलेलं होतं, पंधरा दिवस बंद होती म्हणाली. माझी ओढणी मात्र तिने घेतली, आणि पाय चालू झाला तशी बोलायला लागली. मी कोण, कशाला आले, ते तिला माहीत होतं. कदाचित म्हणूनच सांगितलं.

अकोल्याला तिचं ऑपरेशन झालं होतं. एका बाजूचं काढून टाकलं होतं. गावातल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज तिच्या हातचे. तिने स्वतःसाठी, ब्लाउजच्या आत त्या बाजूला घालायला, कापूस भरून गादी शिवून पाहिली. "जिंदगीभर दुसऱ्यायचे मापं घेतले," ती म्हणाली, "अन् माहंच माप बसे ना." कापूस घामाने ओला होई, सरके. दवाखान्यातल्या नर्सने तयार मिळतं त्याचं नाव लिहून दिलं. नवऱ्याने मोबाइलवरून मागवलं. भाऊने आणलं, पण ते मोठं झालं, ते भाऊच्याच हाती परत गेलं. लहान मागवलं. ते येईपर्यंत कपाट आलं.

"मालक वावरात होते. आकडा त्यायच्या फोनवर आला, तर दिराले म्हणले, जाय बा, घेऊन ये." तिचा पाय थांबला. "स्टँडवर पोट्टे म्हणले, उघड बे, काय हाय पाहू. त्यानं उघडलं."

मी पाहणीची वही मिटली.

"हातात घेऊन पाह्यलं म्हणे सगळ्यायनं. एकानं गालाले लावलं." तिने ओढणीचा धागा ओढून बघितला, घट्ट बसला होता. "मले कोणं सांगतलं मालूम हाय? दुसऱ्या दिशी फॉल लावाले आली ते पोरगी. तिच्या भावानं घरी जाऊन हासत सांगतलं."

"मग ते... आता कुठंय?" मी विचारलं.

"धुऊन घेतलं. टाकून कायले देऊ? माप बरोबर हाय त्याचं."

मी परत येऊन सरांना सगळं सांगितलं. खाली बघत सांगितलं, कारण असं काही सरांशी बोलायची सवय नव्हती. सरांनी पूर्ण ऐकलं. मधे टोकलंही नाही. मला क्षणभर आशा वाटली.

"वस्तू परत गेली का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे स्वीकारली," सर म्हणाले, आणि त्यांनी यादीत त्या पार्सलापुढे बरोबरची खूण केली.

त्या दिवसापासून मला सरांचं हसू येईनासं झालं. वेडा माणूस म्हणून जे मी आजवर खपवून घेतलं होतं, ते वेड नव्हतंच. वेड्याला काहीतरी दिसतं तरी. सरांनी डोळे मिटून ठेवले होते, आणि त्याला ते पद्धत म्हणत.

पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सरांनी गावाला त्यांचं गाव दाखवायचं ठरवलं. भिंतीवर पांढरं कापड, त्यावर सहाशे ठिपके; आता प्रत्येक ठिपक्याला सरांनी या गावातलं एकेक घर जोडलं होतं. पुढे माणसं बसलेली, मागे दारापाशी चार-सहा बायका. सर तासभर बोलले. शेवटी म्हणाले, कोणाला काही विचारायचं आहे का?

दारातून मावशी उठली. पदर घट्ट खोचलेला, ताठ. "साहेब, याच्यात माहं घर कोणतं?"

सर खुश झाले. एवढ्या दिवसांत कोणी असं विचारलंच नव्हतं. त्यांनी मला शोधायला लावलं. मी शोधलं, ठिपका मोठा केला. हिरवा होता. हिरवा म्हणजे समाधानी.

"हे घर झालं," मावशी म्हणाली. "याच्यातली मी कुठी हाव?"

"म्हणजे?"

"मी. बाई."

"त्यात बाई अशी वेगळी नसते हो," सर तिला समजावून सांगायला लागले. "त्यात घर असतं. घरच निवड करतं."

"बरं. मंग ते माहं पार्सल त्या दिशी स्टँडवरून कोणं आणलं?"

"घराने."

"घरानं आणलं," मावशी म्हणाली. मग माणसांच्या रांगांकडे बघून, जरा मोठ्याने, "आयकलं का? घरानं उघडलं."

तिसऱ्या रांगेत तिचा दीर बसला होता, तो चपलेकडे बघत होता. त्याच्या आजूबाजूचे पोट्टेही. त्या खोलीत प्रत्येकाला कळलं होतं ती काय म्हणतेय. न कळलेला एकच माणूस होता, आणि तो हातात लाल उजेडाची कांडी घेऊन पुढे उभा होता.

परतीच्या वाटेवर सर गाडीत म्हणाले, "छान प्रश्न होता. ग्राहकांचा सहभाग वाढतोय."

त्यानंतर चार-पाच महिन्यांनी कंपनीकडून नवी यादी आली. कोणत्या पत्त्यावर किती पार्सलं गेली त्याची. सर ती बघत बसले आणि एका ओळीवर थांबले. कपाटातले बरेच खण आता रिकामे पडून होते. आणि एका दुकानाच्या पत्त्यावर, एकट्या दुकानाच्या, सगळ्या कपाटाहून जास्त पार्सलं जात होती.

"लेडीज टेलर," सरांनी वाचलं. "एवढी बटणं लागतात?"

मला ठाऊक होतं. मी त्याच आठवड्यात जाऊन आले होते. मावशीने दारावर पाटी लावून घेतली होती, खाली शिलाई मशीनचं लाल चित्र. पाटी लागली म्हणजे घराचं दुकान झालं, आणि दुकानाला भाऊ जागेवर आणून देतो. गावातल्या बायका आता आपल्या नावापुढे तिच्या दुकानाचा पत्ता घालत, आणि दुकानात पार्सल द्यायला भाऊला मोबाइलवरचा आकडा लागतच नसे. कापायच्या टेबलाखाली तीन पोती होती, गल्लीनुसार लावलेली. फॉल लावायला म्हणून बाई येई, जाताना पिशवीत साडीखाली आपलं पाकीट नेई. कोणाचे केस काळे करायचे, कोणाची परीक्षेची पुस्तकं, कोणाचा गुडघ्याचा पट्टा, कोणाचं काय. मावशी कोणाला विचारत नसे. एका पाकिटाला भाऊ तिच्याकडे किती मिनिटं थांबतो ते मी मोजलं नाही.

"हे काहीतरी चुकीचं आहे," सर म्हणाले. "एका ठिपक्यामुळे अख्खा आलेख वाकडा होतोय."

एवढे महिने मी चरफडत होते की या माणसाला एकदा तरी खरं दिसावं. आता खरं त्यांच्यासमोर कागदावर पडलं होतं, बोट ठेवलेलं. एक वाक्य बोलायचा अवकाश. आणि मी ते वाक्य जिभेवर आणून थांबले. मी सांगितलं असतं तर सर उद्या सकाळी त्या दारात घड्याळ घेऊन उभे राहिले असते. पाकिटं मोजली असती, बायकांना वय विचारलं असतं. अहवालात एक परिच्छेद आला असता, कंपनीने वाचला असता, आणि पुढच्या वर्षी दुकानाचा नियम बदलला असता.

"काढून टाकू का, सर?" मी विचारलं.

"टाक," सर म्हणाले. त्या एका वेळी त्यांनी टक्के सांगितले नाहीत.

मी ती ओळ निवडली आणि पुसली. आलेख सरळ झाला. सर माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, तू आता तयार झालीस. त्याच आलेखावर त्यांना मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत बोलावणं आलं. आता ते तिथे असतात. सहाशे घरांचं गाव नेलं बरोबर, तिथे म्हणे साठ हजार घरं करणार आहेत. माझी ऑर्डर संपली, पुढची मी मागितली नाही.

जायच्या आधी मी मावशीकडे गेले. ती काजं करत होती. मी म्हटलं, "मावशी, तुमचं दुकान म्या सरांच्या संगणकातून काढून टाकलं."

तिने दोरा दातांनी तोडला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पक्कं काढलं ना?"

"पक्कं."

"मंग बस," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.